साठ सेकंदांचा एक ठिपका

मागच्या बुधवारी आपण पासबुकातल्या नोंदी कशा वाचायच्या ते पाहिलं. आज जरा वेगळा विषय आहे. आज इतिहास सांगणार आहोत, आणि तोही ज्या यंत्रातून आमचा आवाज तुमच्या घरात येतोय त्याच्या भावकीतला.

निमित्त असं झालं. वळवाच्या पावसात केंद्राच्या आवारात वीज पडली. मनोरा वाचला, पण आतलं एक यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला जो माणूस आला त्यानं आम्हाला नेहमीसारखं दाराबाहेर उभं केलं. "ताई, तुम्ही माइकपुढं बोला, वायरींचं आमच्यावर सोडा." हे वाक्य आम्ही चार वर्षांत बऱ्याच वेळा ऐकलंय. पण या वेळी त्याच्याबरोबर एक वयस्कर काका आले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, हौशी रेडिओचा परवाना असलेले. त्यांनी यंत्राकडं पाहिलंच नाही. ते थेट मनोऱ्याच्या पायाशी गेले, माती चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाले, "अर्थिंग कोरडं पडलंय. खणावं लागेल. कोण येतं?"

आम्ही गेलो. पहार, फावडं आमच्याच घरचं. कोळसा आला, मीठ आलं, तांब्याची पट्टी आली. खड्डा भरून त्यात पाणी ओतेपर्यंत दुपार झाली. मग चहाच्या वेळी काकांनी मोबाईलवर एक चित्र दाखवलं. काळा पडदा, त्यावर पिठाची चिमूट उडाल्यासारखे पांढरे कण, आणि त्या कणांमध्ये आडव्या रेषेचे काही तुकडे. छोटा, छोटा, मोठा.

"हे काय?" आमच्या गटातल्या मावशींनी विचारलं.

"एका हौशी माणसानं समुद्रापलीकडं पाठवलेलं अक्षर आहे. हा एक ठिपका उमटायला एक मिनिट लागलं."

मावशी म्हणाल्या, "एवढ्या वेळात पत्र पोचलं असतं की हो."

सगळ्या हसल्या. काकाही हसले. पण प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही शंभर वर्षं मागं जाऊन आलो. तेच आज सांगतोय.

आधी हौशी रेडिओ म्हणजे काय ते दोन वाक्यांत. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन स्वतःच्या घरून जगभरच्या लोकांशी रेडिओवर बोलणारी ही माणसं. त्यांना हॅम म्हणतात. पैसा कमवायचा नाही, जाहिरात नाही, गाणी लावायची नाहीत. प्रत्येकाला एक खूण मिळते, आपल्या देशात ती 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, फोनच्या तारा पडल्या, तेव्हा या लोकांनी तिथं संच मांडून निरोप पोचवले होते. आपल्यातल्या लातूर-धाराशिवकडच्या थोरल्या बायकांना ते दिवस आठवत असतील.

आता लाटेचं गणित. घाबरू नका, उजळणीपेक्षा अवघड नाही. रेडिओचा आवाज लाटेवर बसून जातो. फ्रिक्वेन्सी म्हणजे एका सेकंदात किती लाटा निघतात तो आकडा. आकडा मोठा तर लाट आखूड, आकडा लहान तर लाट लांब. आपल्यासारखी बरीच सामुदायिक केंद्रं ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलतात, तिथं एका लाटेची लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास. पुणे आकाशवाणीचं जुनं ७९२ किलोहर्ट्झचं केंद्र घ्या, तिथं लाट जवळपास ३७९ मीटर. आणि काकांच्या चित्रातलं अक्षर ज्या पट्ट्यावरून आलं, तो १३६ किलोहर्ट्झचा. तिथं एक लाट २२०० मीटर लांब. दोन किलोमीटरच्या वर. आपल्या गावाच्या वेशीपासून निघालेली लाट शेजारच्या वाडीपर्यंत जाते तेव्हा कुठं एक पुरी होते.

अँटेना, म्हणजे लाट सोडणारी तार, साधारण लाटेच्या पाव भागाइतकी असली की काम चांगलं होतं. एफएमला ती तार साडीच्या पन्ह्यापेक्षाही कमी पुरते. १३६ किलोहर्ट्झला मात्र साडेपाचशे मीटर उंच तार लागेल. सात कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी थोडं कमीच पडतं. कोणाच्या परसात एवढी जागा असते?

म्हणजे लांब लाट हे थोरामोठ्यांचं काम. आणि इतिहासातही तसंच झालं.

मार्कोनीचं नाव शाळेत ऐकलेलं असेल. इटलीतल्या बोलोन्याजवळच्या घराच्या माळ्यावर तो पोरवयात तारा आणि बॅटऱ्या घेऊन बसायचा. वडिलांना ते पसंत नव्हतं. आई ॲनी जेमसन मूळची आयर्लंडची, तिनं पाठराखण केली. १८९६ साली त्याला घेऊन ती लंडनला गेली, माहेरच्या नात्यागोत्यातून ओळखी काढून दिल्या. पुस्तकांत तिला एक-दोन ओळी मिळतात. आम्हाला त्या ओळींपाशी थांबावंसं वाटलं, कारण पोराचं खूळ आणि घरच्यांची कुरकुर यांच्यामध्ये उभी राहणारी बाई आपल्या प्रत्येक गावात आहे.

१२ डिसेंबर १९०१. कॅनडाच्या किनाऱ्याजवळचं न्यूफाउंडलँड बेट, सेंट जॉन्स गावाजवळची सिग्नल हिल नावाची टेकडी. वारा इतका की आधी फुगा तुटून गेला, एक पतंगही गेला. मग दुसऱ्या पतंगाला सुमारे दीडशे मीटर तार बांधून ती आभाळात सोडली आणि मार्कोनी कानाला यंत्र लावून बसला. समुद्रापलीकडं, इंग्लंडच्या पोल्ढू गावातून ठरलेल्या वेळी 'एस' हे अक्षर पाठवत होते. मोर्सच्या भाषेत 'एस' म्हणजे तीन ठिपके. ते ऐकू आले असं त्यानं सांगितलं. ते खरंच आले की नुसती खरखर होती, यावर जाणकार आजही वाद घालतात, कारण ऐकलेल्याचा कागदी पुरावा नव्हता. मार्कोनी आणि त्याचा मदतनीस, एवढेच साक्षीदार. पण पतंग आणि तीन ठिपके लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

त्यानंतर कंपन्यांनी आणि सरकारांनी लाट लांब लांब करत नेली. त्या काळचा समज असा, की लांब लाटच दूर जाते. त्यात तथ्यही होतं. लांब लाट जमिनीला आणि समुद्राला धरून जाते, दिवस-रात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून शेकडो फूट उंच मनोरे, मैलभर तारा, कारखान्याएवढी वीज असं सगळं उभं राहिलं.

आणि पोरं? अमेरिकेत त्या काळी हजारो पोरं घरी यंत्रं बनवत होती. ओट्सच्या गोल पुठ्ठ्याच्या डब्यावर तार गुंडाळून कॉइल करायची, खिडकीतून तार बाहेर सोडायची. त्यात मुलीही होत्या. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलची ग्लॅडिस पार्किन १९१६ साली, पंधरा वर्षांची असताना, सरकारी परवान्याची वरच्या दर्जाची परीक्षा पास झाली. तिचा ट्रान्समीटर बराचसा तिनं स्वतः बनवलेला होता. वायरींचं आमच्यावर सोडा, असं तिला कोणी म्हणालं की नाही, कोण जाणे.

पण त्याआधी चार वर्षं एक कायदा झाला होता. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडालं. मदतीच्या संदेशांच्या वेळी हवेत नुसता गोंधळ माजला होता अशी ओरड झाली, आणि त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेनं नियम केला: हौशी लोकांनी २०० मीटरपेक्षा आखूड लाटांवरच राहायचं. लांब लाटा नौदलाला, जहाजांना, कंपन्यांना. आखूड लाटा फारशा कामाच्या नाहीत असं तेव्हा मानलं जाई, म्हणून त्या यांच्या पदरात टाकल्या. गावाच्या वाटणीत डोंगराकडची मुरमाड पट्टी ज्याच्या वाट्याला येते ना, तसं.

पुढची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. मुरमाड पट्टीत पीक आलं. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी मंडळींनी आपल्यातला एक जाणता ऐकणारा, पॉल गॉडली, बोटीनं स्कॉटलंडला पाठवला. आर्ड्रॉसन गावाजवळ समुद्रकाठच्या एका शेतात त्यानं तंबू ठोकला आणि जवळजवळ चारशे मीटर लांबीची तार बुटक्या खांबांवरून ओढली. थंडी, पाऊस, वारा, आणि तंबूत रात्रभर कान देऊन बसलेला माणूस. त्यानं अमेरिकेतल्या वीसहून अधिक हौशी केंद्रांचे संकेत ऐकले, आणि कनेक्टिकटमधल्या एका केंद्राचा तर अख्खा निरोप उतरवून घेतला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९२३ मध्ये, फ्रान्समधला लिओं डलॉय आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांनी १०० मीटरच्या आसपासच्या लाटेवर अटलांटिकपल्याड दोन्ही बाजूंनी बोलणं केलं. टाकाऊ म्हणून दिलेली आखूड लाट आभाळातल्या थरावर आपटून परत खाली येते आणि थोड्या विजेत हजारो किलोमीटर जाते, हे उघड झालं.

मग काय, थोरामोठ्यांची नजर तिकडं वळली. मार्कोनीच्या कंपनीचेही आखूड लाटेवर स्वतंत्र प्रयोग चाललेच होते. इंग्रज सरकारचा बेत होता साम्राज्यभर लांब लाटेची अवाढव्य केंद्रं बांधायचा. त्याऐवजी आखूड लाटेची केंद्रं झाली. त्यातलं एक आपल्या पुण्याजवळ. १९२७ साली खडकीला संदेश पाठवायचं आणि दौंडला संदेश घ्यायचं केंद्र सुरू झालं, आणि तिथून थेट इंग्लंडशी तारा सुरू झाल्या. दौंडच्या मैत्रिणींनो, तुमच्या गावाला आज आपण रेल्वेच्या जंक्शनमुळं ओळखतो. विलायतेहून हवेतून आलेला निरोप आधी दौंडच्या तारेवर उतरायचा, हे आम्हालाही आत्ताच कळलं.

लांब लाट मात्र सरकारांनी हातची सोडली नाही. ती समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरते, त्यामुळं पाणबुड्यांना निरोप द्यायला तिच्याशिवाय चालत नाही. आपल्या नौदलाचं असं केंद्र तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आहे, आयएनएस कट्टबोम्मन, १९९० पासून. उंचच उंच मनोरे आहेत तिथं.

जुन्या लांब लाटेचं चालू स्थितीतलं सगळ्यात देखणं स्मारक स्वीडनमध्ये आहे, ग्रिमेटन गावात. त्याची कथा आम्हाला फार आवडली. स्वीडनमधून दहा लाखांहून जास्त माणसं पोट भरायला अमेरिकेत गेली होती. गावंच्या गावं रिकामी झाली होती. पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या तारांवर दुसऱ्या देशांची सत्ता चालली, आणि आपल्या माणसांची खबर आपल्या हातात नाही हे स्वीडनला कळून चुकलं. म्हणून त्यांनी स्वतःचं केंद्र बांधलं. १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे, दोन किलोमीटरहून लांब तारांची रांग, लाट १७ किलोमीटरहून मोठी. आत ट्रान्समीटर म्हणून एक फिरणारं यंत्र आहे, मोठ्या डायनॅमोसारखं, मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेणारं. ते बनवलं अलेक्झांडरसन नावाच्या इंजिनिअरनं, जो स्वतः स्वीडनहून अमेरिकेत गेलेला. १९२५ च्या जुलैत राजानं केंद्राचं उद्घाटन केलं. मुंबईला गिरणीत गेलेल्या नवऱ्याच्या मनीऑर्डरीची वाट बघणारी आपली आजी, आणि तिकडं अमेरिकेतल्या मुलाच्या तारेची वाट बघणारी स्वीडिश आजी. काळही साधारण एकच.

आता मावशींच्या प्रश्नाकडं येतो.

हौशी मंडळींना आखूड लाटांवर सगळं जग मिळालं. तरी काहींच्या मनात ती लांब लाट राहिलीच, जिच्यावरून १९१२ साली बाहेर काढलं होतं. अमेरिकेत एक छोटी फट होती. १६० ते १९० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय प्रयोग करता येतात, पण अट अशी: वीज एक वॅट, आणि तार, तिला जोडणारी वायर, जमिनीकडं जाणारी वायर सगळं मिळून पंधरा मीटर. पंधरा मीटर म्हणजे पन्नास फूट! लाट जिथं दीड-दोन किलोमीटरची, तिथं घराएवढी तार. आणि एक वॅट म्हणजे देवघरातल्या विजेच्या बारक्या दिव्याएवढी ताकद. तरी हिवाळ्याच्या रात्री त्यांचे संकेत शेकडो किलोमीटरवर ऐकू गेले.

इंग्लंडमध्ये १९९६ साली हौशी लोकांना ७३ किलोहर्ट्झच्या आसपासचा पट्टा प्रयोगासाठी मिळाला, आणि १९९८ साली १३६ किलोहर्ट्झचा. आता परसातल्या माणसानं साडेपाचशे मीटरची तार आणायची कुठून? त्यांनी जे केलं ते ऐकून आम्हाला आपली घरं आठवली.

दहा-पंधरा मीटरचा खांब उभा केला. वर आडव्या दोन-तीन तारा ताणल्या, वाळत घालायच्या दोरीसारख्या, म्हणजे तार उंच नाही तरी वरून पसरट होते आणि जास्त वीज धरते. उरलेली लांबी भरून काढायला खाली मोठी कॉइल. ती कशावर गुंडाळायची? प्लास्टिकच्या बादलीवर, पिंपावर. त्या कॉइलच्या आत आणखी एक छोटी कॉइल, ती हातानं फिरवली की सूर जुळतो. पाऊस आला, झाड ओलं झालं की सूर बिघडतो, पुन्हा फिरवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय, तर अर्थिंग. जमिनीत सळया ठोका, तारा पुरा, पाणी घाला. कारण एवढ्या आखूड तारेतून बाहेर पडणारी ताकद अगदी नगण्य असते, बाकी सगळी कॉइलच्या आणि मातीच्या पोटात गरम होऊन जाते. हजार वॅट ओतले तरी हवेत एक वॅटही निघत नाही, अशी बऱ्याच जणांची स्थिती. काका म्हणाले, "म्हणून मी आधी माती बघतो. यंत्र नंतर."

एक सावधानता इथंच सांगतो. अशा तारेच्या टोकाला हजारो व्होल्ट असतात, अंधारात निळसर ठिणग्या दिसतात. हे घरी करून बघायचं काम नाही, आणि परवान्याशिवाय तर मुळीच नाही.

एवढं करून हातात काय? एक वॅटही नाही. आणि समोर वैरी मोठा. लांब लाटेवर विजांची खरखर हजारो किलोमीटरवरून येते. आपल्याकडं वळीव सुरू झाला की जुना रेडिओ कसा कडकडतो, ते आठवा. त्यात भर चार्जरची, एलईडी दिव्यांची, मोटारींच्या स्टार्टरची.

तेव्हा ताकद वाढवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी वेग कमी केला.

हे समजायला आम्हाला वेळ लागला, पण काकांनी सोपं करून सांगितलं. डोंगरावर गुरं घेऊन गेलेल्या पोराला हाक मारताना आपण कसं मारतो? भराभर नाही बोलत. एकेक अक्षर ताणतो. वाऱ्यात चार तुकडे हरवले तरी उरलेल्यातून त्याला कळतं. तसंच इथं. नेहमीच्या मोर्समध्ये एक ठिपका सेकंदाच्याही छोट्या भागात होतो. या मंडळींनी तो तीन सेकंदांचा केला, मग तीस, मग साठ. ठिपका जितका लांब, तितकी ऐकणाऱ्याची चाळण बारीक करता येते, आणि बारीक चाळणीतून खरखर कमी पडते. कानाला काहीच कळत नाही. संगणक हळूहळू पडद्यावर रेष उमटवत जातो. रेष छोटी तर ठिपका, मोठी तर डॅश. म्हणजे हे रेडिओचं बोलणं डोळ्यांनी ऐकायचं.

हिशोब करून पाहू. एक ठिपका एक मिनिट. डॅश तीन मिनिटं. अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मिनिट मोकळं, दोन अक्षरांमध्ये तीन. तर मार्कोनीच्या त्या 'एस'ला पाच मिनिटं. 'एसओएस' एवढं म्हणायला सत्तावीस मिनिटं. आपल्या मीटिंगमध्ये हजेरी आणि मागच्या महिन्याचं इतिवृत्त उरकतं तेवढ्यात.

फेब्रुवारी २००१ मध्ये इंग्लंडमधला एक हौशी आणि कॅनडातला एक हौशी यांनी १३६ किलोहर्ट्झवर अटलांटिकपल्याड पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी बोलणं पूर्ण केलं. बोलणं म्हणजे काय, तर एकमेकांची खूण, कसं दिसतंय ते, आणि मिळालं अशी पोच. ते एका रात्रीत झालं नाही. रात्रीमागून रात्री गेल्या. एक पाठवायचा, दुसरा बसून राहायचा, मग उलट. एखाद्या रात्री वारा, एखाद्या रात्री विजा. मार्कोनीच्या तीन ठिपक्यांना शंभर वर्षं होत आली होती, आणि या वेळी पडद्यावरची रेष पुरावा म्हणून जपून ठेवता येत होती.

या मंडळींनी पतंगही पुन्हा काढला. २०१० साली जर्मनीत एका हौशी माणसानं पतंगानं शंभर मीटरच्या आसपास तार उचलली आणि ९ किलोहर्ट्झच्या जवळ, म्हणजे तेहतीस किलोमीटरच्या लाटेवर, संकेत सोडला. सिग्नल हिलचा पतंग विमानाच्या आणि उपग्रहाच्या युगात!

२००७ साली जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १३६ किलोहर्ट्झचा पट्टा हौशी रेडिओसाठी मान्य झाला, एक वॅटच्या मर्यादेत. २०१२ साली ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचाही. हा दुसरा पट्टा ५०० किलोहर्ट्झच्या शेजारचा, आणि ५०० म्हणजे जहाजांच्या एसओएसची जुनी जागा, टायटॅनिकनं मदत मागितली त्याच आसपासची. १९९९ मध्ये जहाजांना उपग्रहाची नवी व्यवस्था लागू झाली आणि ती जुनी जागा शांत झाली. अमेरिकेनं मात्र हे दोन्ही पट्टे हौशी लोकांना २०१७ मध्ये उघडले. १९१२ ते २०१७. आमच्या गटात जमिनीच्या फेरफाराची वाट बघणाऱ्या एक वहिनी आहेत, त्या म्हणाल्या, "म्हणजे सगळीकडं सारखंच."

आज साठ सेकंदांच्या ठिपक्याची जागा संगणकाच्या नव्या पद्धतींनी बऱ्याच अंशी घेतलीय. त्यातली एक २००८ साली बनवली जोसेफ टेलर या शास्त्रज्ञानं. हे गृहस्थ भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते, १९९३ चे, आणि लहानपणापासून हौशी रेडिओवाले. त्या पद्धतीत खूण, ठिकाण आणि ताकद एवढंच पाठवायचं, आणि तेवढ्याला जवळजवळ दोन मिनिटं. नोबेल मिळालेला माणूसही हळूच बोलायला शिकवतो, याचं मावशींना फार नवल वाटलं.

या सगळ्या वाचनात आम्हाला एक गोष्ट खटकली, ती सांगतो. इतिहासात नाव पाठवणाऱ्याचं जास्त होतं. मनोरा कोणाचा, यंत्र कोणाचं, वीज किती. पण लांब लाटेच्या या हौशी इतिहासात निम्मं काम ऐकणाऱ्याचं आहे. तंबूत बसलेला गॉडली, पडद्यासमोर रात्र काढणारा कॅनडाचा माणूस. पाठवणाऱ्याला स्वतःला कळतच नाही आपण पोचलो की नाही. ते दुसऱ्यानं सांगायचं. म्हणून हौशी मंडळींत पोचपावतीचं कार्ड पाठवायची रीत आहे, पोस्टानं, नाव-तारीख-वेळ लिहून. आपल्या केंद्रावर तुमची जी पत्रं येतात ती आम्ही आता वेगळ्या फाइलला लावायला सुरुवात केलीय, वर तारीख आणि गाव लिहून.

आता शेवटचं. ग्रिमेटनचं ते फिरणारं यंत्र २००४ पासून जागतिक वारसा आहे आणि अजून चालतं. जुलैच्या सुरुवातीच्या एका रविवारी, आणि २४ डिसेंबरला, ते सुरू करून थोडा वेळ संदेश सोडतात. जगभरचे हौशी लोक ऐकतात आणि कार्ड पाठवतात. काकांनी ठरवलंय की यंदा २४ डिसेंबरला आपल्या शाळेमागच्या माळावर लांब तार टाकून आणि तिला लॅपटॉप जोडून ऐकून बघायचं. नुसतं ऐकायचं, पाठवायचं काही नाही. मिळेल की नाही याची खात्री ते देत नाहीत. अडचण विजेच्या खरखरीची. म्हणून त्यांनी आम्हाला एक काम दिलंय: त्या दिवशी गावात लोडशेडिंग किती ते किती असेल ते आधी विचारून ठेवायचं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही वीज जावी म्हणून देवाला सांगणार आहोत.

माळावर जाताना पहार, पाण्याच्या दोन घागरी आणि कोळशाचं पोतं लागेल. ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडं नाव द्यावं. मुलींना आणा. तार ओढायला चारजणी लागतील, आणि पडद्यासमोर बसायला आणखी दोघी, ज्यांना घाई नाही अशा.

पुढच्या बुधवारी याच वेळेला, शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलू. नमस्कार.